काळं-पिवळं पिट्सबर्ग

न्यू जर्सीत राहून मॅच बघायला जायचं म्हणजे एक प्रोजेक्टच असतो. बेसबॉलचे यांकीज बघायचे तर दोन ट्रेन बदलून ब्राँक्सला जा, आणि फुटबॉल (अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळायचा तो) बघायचा तर न्यू यॉर्कच्या नावाने खेळणाऱ्या दोन्ही टीम प्रत्यक्षात आमच्या जर्सीतच, ईस्ट रुदरफर्डच्या दलदलीत खेळतात, जिथे स्टेडियम सोडलं तर आजूबाजूला नुसतं पार्किंग आणि हायवे. मॅच संपली की दीड तास गाडीत बसून पार्किंगमधूनच बाहेर पडायची वाट बघायची. त्यामुळे मी गेली कित्येक वर्षं 'टीव्हीवरच बरं दिसतं' या मताची झालेली होते.

पिट्सबर्गला माझा चुलतभाऊ राहतो. दादा-वहिनी तिकडे वीसेक वर्षं आहेत, भाची पिट्ट म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्गला शिकते. वहिनीचा दर सप्टेंबरला ठरलेला फोन, "वन्सं, शेवटच्या आठवड्यात या, बेसबॉल संपत आलेला असतो, फुटबॉल सुरू झालेला असतो, हॉकी सुरू व्हायची असते, सगळं एकदम बघून होतं." यावेळी नवऱ्याला शुक्रवार-सोमवार सुट्टी मिळाली, गुरुवारी त्याने अर्धा दिवस टाकला आणि निघालो.

एक गोष्ट आधी सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. पिट्सबर्ग शहराची लोकसंख्या साधारण 3 लाख. म्हणजे आमचं सांगली-मिरज-कुपवाड याच्याहून मोठं आहे, 2011 च्या जनगणनेत 5 लाखाच्या वर होतं! आजूबाजूचा परिसर धरला तर वीस लाखाच्या वर जातं, ते मान्य. तरी एवढ्याशा गावाला बेसबॉलची पायरेट्स, फुटबॉलची स्टीलर्स आणि आइस हॉकीची पेंग्विन्स अशा तीन टॉप लीगच्या टीम, शिवाय युनिव्हर्सिटीच्या टीम वेगळ्या. आणि तिन्ही प्रोफेशनल टीमचे रंग एकच, काळा आणि पिवळा. (त्याला तिकडे पिवळा म्हणायचं नाही, गोल्ड म्हणायचं, वहिनी रागावते. पण मला आपल्या मुंबईच्या टॅक्सीच आठवतात, काय करू.) अमेरिकेत बाकी कुठल्याच शहरात असं नाही. हे रंग शहराच्या झेंड्यातले आहेत आणि झेंड्यात ते विल्यम पिट नावाच्या ज्या इंग्रज मंत्र्याच्या नावावरून शहराचं नाव पडलं त्याच्या घराण्याच्या चिन्हातून आले.

गुरुवार

पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डोंगर, बोगदे, ट्रक आणि टोल. टोल बघून मात्र डोळे पांढरे होतात.

मन्रोव्हिलला उतरलो आणि आधी पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात गेलो. सत्तरच्या दशकातलं मंदिर, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या हिंदू मंदिरांपैकी एक, टेकडीवर पांढरंशुभ्र. दर्शन झालं, आणि खाली कँटीनमध्ये चिंचभात आणि दहीभात. सहा तासांच्या ड्राइव्हनंतर तो दहीभात म्हणजे काय सांगू. तिथे रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते, कपाळावर नाम ओढलेलं आणि अंगात स्टीलर्सचं जाकीट. मी वहिनीला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय, "मग? देवाला पण माहीत असायला नको का कोणाला जिंकवायचंय ते."

संध्याकाळी पायरेट्सची बेसबॉल मॅच. दादा आम्हाला मुद्दाम उलट्या रस्त्याने नदीपलीकडे घेऊन गेला आणि फोर्ट पिट बोगद्यातून परत शहरात आणलं, कारण त्याचं म्हणणं शहरात पहिल्यांदा शिरायचं तर याच बाजूने. खरंच आहे त्याचं. बोगद्यात नुसत्या टाइल्स आणि दिवे आणि बोगदा संपतो तिथेच पूल सुरू होतो, एकदम सगळं शहर समोर, उंच इमारती, तीन नद्या, पिवळे पूल, डावीकडे नदीपलीकडे फुटबॉलचं स्टेडियम आणि त्याच्या पुढे बेसबॉलचं. ॲलेगेनी आणि मोनाँगहेला या दोन नद्या इथे मिळतात आणि त्यांची ओहायो होते. वहिनी याला सरळ 'आपला संगम' म्हणते.

डाउनटाउनमध्ये गाडी लावली आणि चालत निघालो. मॅचच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, सगळा पूल चालणाऱ्यांचा. पिवळ्याधमक पुलावर पाण्याच्या बाटल्या आणि शेंगा विकणारे, पोरं खांद्यावर घेतलेले बाप, म्हाताऱ्या जोडप्यांची हळूहळू चाल, आणि समोर पीएनसी पार्क. हे स्टेडियम 2001 चं, साधारण 38 हजार बसतात. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात हे कळल्यावर वहिनीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं. गेटवर बॅग तपासणाऱ्या बाईने डबा उघडून वास घेतला आणि "व्हाट इज दॅट, हनी?" विचारलं, वहिनीने एक पुरी दिली, तिने खाल्ली पण नाही आणि परत पण केली नाही, खिशात ठेवली.

आमच्या सीट वरच्या मजल्यावर, थर्ड बेसच्या बाजूला. दादा म्हणाला या गावात महागड्या सीट घेणारा माणूस वेडा, कारण वरून मैदानाच्या मागे नदी, पूल आणि अख्खं डाउनटाउन दिसतं. उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच आहे, मुद्दाम, कारण पायरेट्सचा खेळाडू क्लेमेंटे, ज्याच्या नावाचा तो पूल, त्याचा नंबर 21. हा माणूस पोर्तो रिकोचा. 30 सप्टेंबर 1972 ला त्याने 3000 वा हिट मारला, तो रेग्युलर सीझनमधला त्याचा शेवटचा हिट ठरला, बरोब्बर 3000. तीन महिन्यांनी, 31 डिसेंबरला, निकाराग्वात भूकंप झालेल्या लोकांसाठी मदत घेऊन जाणाऱ्या विमानात तो स्वतः बसला आणि विमान समुद्रात पडलं. इथे त्याच्याबद्दल बोलताना लोक खेळाडूबद्दल बोलतात तसं बोलत नाहीत, आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या पिढीतल्या एखाद्या सज्जन माणसाबद्दल बोलतात तसं बोलतात.

पायरेट्स मात्र हरतात. हे मी म्हणत नाही, शेजारी बसलेल्या काकांनी आम्हाला स्वागत म्हणून सांगितलं. शेवटची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची सात मॅचची फायनल, जिंकली 1979 ला. 1993 पासून 2012 पर्यंत सलग वीस सीझन जिंकण्यापेक्षा हरल्या मॅच जास्त. तरी लोक येतात, मालकाने टीम विकावी म्हणून घोषणा देतात, आणि मग हॉट डॉग खात मॅच बघतात. पॉल स्कीन्स हा त्यांचा पिचर सध्या सगळ्यांचा लाडका, 2024 ला रूकी ऑफ द इयर आणि 2025 ला साय यंग म्हणजे पिचरचा सगळ्यात मोठा मान, ताशी 160 किलोमीटरने बॉल टाकतो. पण आम्ही गेलो त्या दिवशी त्याची पाळी नव्हती. पिचर पाच-सहा दिवसातून एकदाच टाकतो, आपल्या नशिबात नसेल तर नसेल.

भारताचं पायरेट्सशी एक नातं आहे. 2008 मध्ये आपल्याकडे एक रिॲलिटी शो झाला होता, सगळ्यात जोरात बॉल टाकणारा शोधायचा. त्यातून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी दोन पोरं निवडली गेली आणि त्यांना कराराने घेतलं ते याच पायरेट्सनी. दोघे खालच्या लीगमध्ये खेळले, या मैदानापर्यंत काही पोचले नाहीत. रिंकू पुढे कुस्तीच्या शोमध्ये वीर महान नावाने आला. शेजारच्या काकांना हे माहीत होतं! त्यांना विराट कोहली माहीत नव्हता पण रिंकू सिंग माहीत होता, आणि तोही आपला क्रिकेटवाला रिंकू सिंग नाही.

मधल्या एका ब्रेकमध्ये पिरोगींची रेस होते. पिरोगी म्हणजे बटाटा-चीजचं सारण भरलेला उकडलेला पोलिश पदार्थ, तो इथल्या स्टीलच्या गिरण्यांत कामाला आलेल्या पूर्व युरोपातल्या लोकांनी आणला. तर माणसं हे पिरोगीचे भलेमोठे ड्रेस घालून मैदानाच्या कडेने पळतात. चीज चेस्टर, हॅलपीन्यो हॅना, ऑलिव्हर अनियन अशी त्यांची नावं. वीस वर्षं इंजिनियरिंग केलेला माझा दादा उभा राहून "हॅना! हॅना!" ओरडत होता. हॅना दुसरी आली. पायरेट्स हरले.

नवऱ्याबद्दल सांगायचं राहिलं. तो यांकीजचा कट्टर फॅन आणि टोपी घालूनच आला होता. त्याला जाता-येता लोक एकच शब्द ऐकवत होते, "मॅझरॉस्की". याचा खुलासा दुसऱ्या दिवशी.

शुक्रवार

सकाळी भाचीने आम्हाला ओकलंडमध्ये, म्हणजे तिच्या युनिव्हर्सिटीच्या भागात फिरवलं. कॅथीड्रल ऑफ लर्निंग नावाची 42 मजली इमारत आहे, बाहेरून चर्चसारखी, आत वर्ग. त्यात वेगवेगळ्या देशांच्या नावाच्या खोल्या आहेत, भारताची खोली नालंदाच्या धर्तीवर विटांची केलीय. भाची म्हणाली, "आत्या, फुटबॉल जिंकलं की रात्री हिच्या टोकावर सोनेरी लाइट लावतात." हे लक्षात ठेवलं.

तिथून थोडं चालत गेलं की रस्त्याच्या कडेला विटांची एक जुनी भिंत उभी आहे, वेल चढलेली, आणि झेंड्याची काठी. ही फोर्ब्स फील्ड नावाच्या मैदानाची उरलेली भिंत. 1909 ते 1970 पायरेट्स इथे खेळायचे. 13 ऑक्टोबर 1960, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, समोर यांकीज, स्कोअर 9-9, शेवटची इनिंग, आणि पायरेट्सच्या बिल मॅझरॉस्कीने होमरन मारून, म्हणजे बॉल थेट मैदानाबाहेर मारून, मॅच आणि सिरीज दोन्ही तिथेच संपवली. सातव्या मॅचमध्ये असा शेवटचा होमरन आजवर एकदाच झालाय. दरवर्षी 13 ऑक्टोबरला लोक या भिंतीपाशी जमतात आणि त्या मॅचचं रेडिओ प्रक्षेपण पहिल्यापासून शेवटपर्यंत लावतात. निकाल माहीत असलेली मॅच, साठ वर्षांपूर्वीची, आणि होमरन झाला की टाळ्या!

नवरा भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, त्या सिरीजमध्ये यांकीजनी एकूण रन दुपटीने काढल्या होत्या. बरोबर आहे, 55 विरुद्ध 27. भाची म्हणाली, "काका, पण मॅच कोणी चार जिंकल्या?" विषय संपला. जुनी होमप्लेट जवळच्याच पोझव्हार हॉल नावाच्या बिल्डिंगमध्ये जमिनीत काचेखाली ठेवलीय, पोरं लेक्चरला जाताना तिच्यावरून चालत जातात.

आता संध्याकाळ. या ट्रिपमधलं मला सगळ्यात आवडलेलं काय विचाराल तर ना स्टीलर्स ना पायरेट्स, पिट्टच्या मुलींची व्हॉलीबॉल मॅच.

फिट्झगेराल्ड फील्ड हाऊस ही 1951 ची जुनी बंदिस्त जागा, चारेक हजार माणसं मावतात, लाकडी बाकांचा वास येतो. मला वाटलं होतं कॉलेजच्या मुलींची मॅच, आईबाप आणि मैत्रिणी असतील. अहो, हाऊसफुल्ल. ही टीम 2021 पासून 2024 पर्यंत सलग चार वर्षं देशातल्या शेवटच्या चारात होती. ऑलिव्हिया बॅबकॉक नावाची खेळाडू 2024 ला देशातली सर्वोत्तम ठरली, तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. यांच्याकडे मुलींच्या व्हॉलीबॉलचं वेड किती आहे याचा एक नमुना सांगते, 2023 ला नेब्रास्कात फुटबॉलच्या स्टेडियममध्ये नेट लावून मॅच घेतली तर 92,003 लोक आले.

आपल्याकडे गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉल चालतं, संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर दिव्याखाली, आणि मी स्वतः कॉलेजात स्मॅशिंगच्या टीममध्ये होते, विद्यापीठाच्या लेव्हलपर्यंत नाही पण झोनपर्यंत खेळलेली आहे. त्यामुळे मला वाटायचं मला व्हॉलीबॉल कळतं. पण सहा फुटांच्या वरच्या या मुली ज्या उंचीवरून मारतात, आणि समोरून लिबेरो, म्हणजे फक्त बचाव करणारी खेळाडू, तो बॉल जमिनीपासून दोन बोटांवरून उचलते, आणि परत मारा, परत ब्लॉक, परत उचल, एकेक रॅली अशी की श्वास घ्यायला विसरायला होतं. टीव्हीवर बॉल लागल्याचा आवाज येत नाही हो. इथे तो आवाज छातीत बसतो. आमच्या वेळी मॅचला सर, शिपाई आणि दोन कुत्री एवढाच प्रेक्षकवर्ग, आणि घरी परत उशीर झाला म्हणून बोलणी. तिसऱ्या सेटला बँड वाजायला लागला, अख्खं हाऊस उभं, पुढच्या रांगेत सात-आठ वर्षांच्या मुली पिट्टचे टीशर्ट घालून प्रत्येक पॉइंटला उड्या मारत होत्या. मॅच संपल्यावर खेळाडू थांबून या पोरींना सह्या देत बसल्या, आणि एकीने तर पोरीची वेणी सुटली होती ती घालून दिली. मी वहिनीला म्हटलं चष्म्याला धूळ लागलीय. वहिनी म्हणाली हो का.

तिकीट सिनेमापेक्षा स्वस्त होतं.

शनिवार

दुपारी पिट्टचा फुटबॉल. इथे एक गंमत आहे. पिट्टचं स्वतःचं स्टेडियम होतं, कॅम्पसवरच, ते 1999 च्या सीझननंतर पाडलं आणि आता ते स्टीलर्सच्या स्टेडियममध्ये खेळतात, म्हणजे नदीपलीकडे. कॅम्पसवरून पोरांना बसने नेतात. साधारण 68 हजारांचं स्टेडियम, आणि कॉलेजच्या मॅचला बऱ्याचदा पिवळ्या खुर्च्यांचे मोठे मोठे पट्टे रिकामे दिसतात. म्हणजे शुक्रवारच्या त्या छोट्या हॉलमध्ये श्वास घ्यायला जागा नव्हती आणि इथे पाय पसरून बसा. ओहायो किंवा पेन स्टेटसारख्या ठिकाणी कॉलेज फुटबॉल म्हणजेच धर्म, इथे मात्र रविवारवाल्यांच्या सावलीतला शनिवार. दादाचं म्हणणं, भाड्याच्या घरात लग्न केल्यासारखं वाटतं.

पण विद्यार्थ्यांचा जो भाग आहे तिथे मजा आहे. बँड, ओरडा, पोटावर अक्षरं रंगवलेली पोरं, समोरच्या टीमच्या तिसऱ्या डाउनला चाव्या खुळखुळवणं. (डाउन म्हणजे काय ते मला दर वर्षी समजावतात आणि मला दर वर्षी अर्धंच कळतं. चार प्रयत्नात दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर बॉल समोरच्यांना. एवढं कळलं की बाकी ओरडायला पुरतं.) भाचीने एक फरक दाखवला, कॉलेजमध्ये कॅच घेताना एक पाय रेषेच्या आत पडला तरी चालतो, प्रोफेशनलमध्ये दोन्ही लागतात. मग मी पुढचे दोन तास फक्त पाय बघत होते.

पैशाचा विषय निघाला. आधी कॉलेजच्या खेळाडूंना स्कॉलरशिप सोडून काही मिळायचं नाही, 2021 पासून ते स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवू शकतात आणि 2025 पासून युनिव्हर्सिटी थेट पैसे देऊ शकते. दादा म्हणतो त्यामुळे मजा गेली, पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात. भाची म्हणते त्यांच्या जिवावर तुम्ही पार्किंगचे पैसे घेता ते चालतं का. मी भाचीच्या बाजूने.

पिट्ट जिंकलं. परत येताना डाउनटाउनला ट्रामने, म्हणजे तिकडे नुसतं 'टी' म्हणतात, नदीच्या खालून जाते आणि स्टेडियमपासून डाउनटाउनपर्यंत फुकट. फुकट!! न्यू जर्सीवाल्या माणसाला रडू येईल.

संध्याकाळी पेंग्विन्सची प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीची सरावाची, हॉकी. यावर जास्त लिहीत नाही कारण मी अर्धा वेळ थंडीने कुडकुडत होते, आत बर्फ असतो हे माहीत असूनही लोक स्वेटर का नेत नाहीत या लोकांत मी येते. प्रीसीझन असल्याने मोठे खेळाडू नव्हते, त्यांचा स्टार क्रॉस्बी, त्याचे नुसते शर्ट दिसले, हजारो. पण मारिओ लेम्यूची गोष्ट ऐकण्यासारखी. हा त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, 1993 ला ऐन सीझनमध्ये कॅन्सरचे उपचार घेऊन परत खेळला, पुढे रिटायर झाला, टीमचं दिवाळं निघालं तेव्हा टीमकडे त्याचेच कोट्यवधी डॉलर थकले होते, तर त्याने 1999 ला त्या थकबाकीच्या जोरावर टीमच विकत घेतली, आणि मग 2000 मध्ये मालक असताना परत मैदानात उतरला. आपल्याकडे पगार थकला की माणूस लेबर कोर्टात जातो.

रात्री घरी जाताना दादाने गाडी मुद्दाम ओकलंडवरून घेतली. कॅथीड्रलचं टोक सोनेरी.

रविवार

रविवार म्हणजे स्टीलर्स. आणि आता घरातलं राजकारण. सीझन तिकिटं दोनच, ती वहिनीच्या नावावर. वेटिंग लिस्ट इतकी लांब असते की लोक मुलांच्या नावाने नंबर लावतात. दरवेळी दादा-वहिनी जातात. यावेळी वहिनीने सकाळी पोह्यांवर खोबरं पेरता पेरता जाहीर केलं, "मी आणि वन्सं." दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. "तुम्ही आणि दाजी पार्किंगमध्ये बसा, टीव्ही लावा."

पार्किंगमध्ये बसणं हीसुद्धा शिक्षा नाही म्हणा. टेलगेट नावाचा प्रकार असतो, सकाळी आठपासून लोक गाड्या लावून मागचं दार उघडून शेगड्या पेटवतात. आमच्या शेजारी तीन पिढ्यांचं एक कुटुंब सॉसेज भाजत होतं, आम्ही कणसं आणि पनीर, दादाच्या मित्रांची गँग, त्यात दोन मराठी कुटुंबं, एक तेलुगू, एक पोलिश. पनीरच्या बदल्यात पिरोगी असा व्यवहार झाला. नवरा यांकीजची टोपी घरी ठेवून आला होता, शहाणा झाला.

वहिनी मूळची कोल्हापूरची, तालमीतल्या घरातली. तिने आत जाताना मला पिवळा टॉवेल दिला. टेरिबल टॉवेल. मायरन कोप नावाच्या रेडिओवाल्याने 1975 ला ही कल्पना काढली, मॅचला पिवळा टॉवेल आणून फिरवा म्हणून. 1996 ला त्याने याचे हक्क एका संस्थेला देऊन टाकले, बौद्धिक अपंग मुला-माणसांची संस्था, जिथे त्याचा मुलगा राहायचा. म्हणजे प्रत्येक टॉवेलच्या विक्रीतले पैसे आजही तिथे जातात. मी हे ऐकून अजून दोन घेतले.

स्टेडियमकडे जाताना फुटपाथवर एक खूण आहे, वहिनीने तिथे मला थांबवलं आणि पुढची दहा मिनिटं ती जे बोलली ते तिच्या सासऱ्यांनी ज्ञानेश्वरी सांगावी इतक्या तन्मयतेने. 1933 ला आर्ट रूनीने 2,500 डॉलरला ही टीम घेतली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाने रविवारी खेळायला बंदी करणारा जुना कायदा सैल केला, नाहीतर रविवारची लीग इथे चाललीच नसती. टीमचं नाव आधी पायरेट्सच होतं, बेसबॉलचं उसनं घेतलेलं. आणि मग जवळजवळ चाळीस वर्षं प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, एकही विजय नाही. 23 डिसेंबर 1972, समोर ओकलंडचे (कॅलिफोर्नियातलं, भाचीचं नाही) रेडर्स, स्टीलर्स एका पॉइंटने मागे, 22 सेकंद उरलेले. स्टीलर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, ब्रॅडशॉ, त्याने फेकलेला बॉल दोन खेळाडूंच्या धडकेत उडून मागे आला, संपलं सगळं, आणि मागून पळत आलेल्या फ्रँको हॅरिसने तो जमिनीला टेकता टेकता पायाजवळ उचलला आणि तसाच पळत सुटला, टचडाउन. आर्ट रूनीला हे दिसलंच नाही, हरलो समजून तो खेळाडूंचं सांत्वन करायला लिफ्टने खाली चालला होता. ते जुनं स्टेडियम आता नाही, पण फ्रँकोने बॉल उचलला ती बरोब्बर जागा म्हणजे ही फुटपाथवरची खूण.

मी तारखा जुळवत होते. 23 डिसेंबरला हे, आणि 31 डिसेंबरला क्लेमेंटेचं विमान. एकाच शहराला, आठ दिवसात. वहिनी म्हणाली, "इथली म्हातारी माणसं ती दोन्ही एका वाक्यात सांगतात."

मॅचबद्दल काय सांगू. समोरच्या टीमचं नाव लिहीत नाही, त्यांचे फॅन आमच्या सोसायटीतच राहतात. कालच्याच मैदानात बसलो होतो, रात्रीत गवतावरची पिट्टची निळी-पिवळी नावं जाऊन स्टीलर्सची आली होती, गवत मात्र कालचंच उखडलेलं. रिकामी खुर्ची एकही नाही. आणि गुरुवारी बेसबॉलला आमच्या रांगेत जो पांढऱ्या मिशीचा अशर, म्हणजे सीट दाखवणारा, होता तोच इथे! त्याने पण मला ओळखलं, "यू ब्रॉट एनी मोअर ऑफ दॅट पिकल?" म्हणजे गेटवरच्या बाईकडून बातमी वरपर्यंत गेली होती. तो म्हणाला तिन्ही ठिकाणी काम करतो, हॉकीला पण, पेन्शनवर वरचे पैसे मिळतात आणि बायको म्हणते घरात बसू नकोस. न्यू यॉर्कमध्ये असा एक माणूस दोन ठिकाणी भेटला असता तर मी पोलिसांना कळवलं असतं. इथे ते साहजिक आहे, कारण तीच माणसं, तेच रंग, चालत जाण्याइतक्या अंतरावर वेगवेगळे खेळ.

चौथ्या क्वार्टरला अंधारून आलं आणि 68 हजार टॉवेल एकदम फिरायला लागले तेव्हा माझा खांदा दुखेपर्यंत मी पण फिरवला. वहिनी समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकला शुद्ध कोल्हापुरीत जे ओरडत होती ते इथे लिहिता येणार नाही. पुढच्या सीटवरच्या बाईने मागे वळून विचारलं कुठली भाषा, कारण तिला पण ते शिकायचं होतं.

जिंकलो. हो, जिंकलो, मी आता 'आम्ही' म्हणते.

बाहेर आलो तर पार्किंगमध्ये नवरा आणि दादा शेजारच्या तीन पिढ्यांबरोबर पोत्यांचा तो खेळ, फळीच्या भोकात मक्याची पिशवी टाकायचा, खेळत होते आणि मॅच कोण जिंकलं ते त्यांना आमच्याकडून कळलं. टीव्हीची बॅटरी दुसऱ्या क्वार्टरलाच गेलेली.

सोमवार

निघायच्या आधी होमस्टेडला गेलो. इथे एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या स्टीलच्या गिरण्यांपैकी एक होती, 1986 ला बंद झाली. आता तिथे मॉल आहे, सिनेमा, दुकानं, आणि कडेला विटांच्या उंच चिमण्यांची एक रांग तेवढी ठेवलीय. 1950 ला शहरात पावणेसात लाख लोक होते. गिरण्या गेल्या, ऐंशीच्या दशकात तरुण माणसं कामासाठी टेक्सासला, फ्लोरिडाला, कुठे कुठे गेली. नेमका तोच काळ जेव्हा स्टीलर्स सहा वर्षांत चार सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकून बसले होते. म्हणून आज कुठल्याही शहरात स्टीलर्सची मॅच असली की निम्मं स्टेडियम पिवळं दिसतं. ती गिरणी कामगारांची मुलं आणि नातवंडं. मुंबईत गिरण्या बंद पडल्या त्याच दशकात, तिथेही आता मॉल आहेत. परळ-लालबागच्या व्यायामशाळांतून कबड्डीचे संघ निघायचे, माझे मामा त्यातल्याच एकाचे, त्यांना घेऊन यायला हवं होतं इथे.

कोणाला जायचं असेल तर एवढंच सांगते. आधी स्टीलर्सचं वेळापत्रक बघा, सप्टेंबरअखेर रविवारी घरची मॅच कधी आहे ते, मग त्याला जोडून शनिवारचं पिट्ट आणि आठवड्यातलं बेसबॉल बसवा, कारण बाकी सगळ्याची तिकिटं ऐनवेळी मिळतात, स्टीलर्सची मिळत नाहीत आणि मिळाली तर परवडत नाहीत. फुटबॉलला पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवीच न्यावी लागते, पर्स घेऊन गेलात तर परत गाडीपर्यंत चालावं लागेल. हॉकीला स्वेटर. व्हॉलीबॉल चुकवू नका. आणि यांकीजची टोपी असेल तर घरीच ठेवा, नवऱ्याला विचारा.